पुणेरी बरणी, तांबरमची भट्टी

निवृत्त पुणेकराला परगावी न्यायचं असेल तर आधी त्या गावाची परवानगी घ्यावी. पुण्यात त्याचं निभावून जातं. तिथे प्रत्येक कोपऱ्यावर त्याच्या तोडीचे जाणकार उभे असतात, एकाची माहिती दुसरा खोडून काढतो आणि गावाचा समतोल राहतो. तांबरममध्ये मला खोडून काढणारं कोणीच नव्हतं. मुलगी-जावई नोकरीनिमित्त इथे, नातू लहान, म्हणून सदाशिव पेठेतल्या घराला कुलूप लावून आम्ही दोघं चेन्नईच्या या दक्षिण टोकाला येऊन राहिलो, आणि थोड्याच दिवसांत मी तांबरमकरांना तांबरम समजावून सांगायला लागलो.

स्टेशनसमोरच्या कॉफीवाल्याला मी सांगितलं, की बीच स्टेशन ते तांबरम ही विजेची गाडी १९३१ साली सुरू झाली आणि तेव्हा ती मीटर गेजवर धावायची. तो कॉफी उंचावरून ग्लासात ओतत म्हणाला, "अप्पडिया?" भाजीवालीला सांगितलं, की मद्रास ख्रिश्चन कॉलेज मूळचं इथलं नव्हे, ते १९३७ मध्ये शहरातून इकडे आलं. तीही म्हणाली, "अप्पडिया?" इस्त्रीवाल्याला मी क्रोमपेट स्टेशनचं नाव क्रोम लेदरच्या कारखान्यावरून कसं पडलं ते ऐकवलं. त्याने शर्ट मोजले. 'असं होय?' एवढंच ही माणसं म्हणत होती. मी ते 'आणखी सांगा' असं धरून चाललो होतो.

अशा वेळी मला तंजावरकर भेटला. हे त्याचं आडनाव नाही, मी ठेवलेलं नाव. सकाळी फिरायला गेलो असताना मी पुण्याला फोनवर बोलत होतो, म्हणजे जवळजवळ फोनशिवायही पुण्याला ऐकू गेलं असतं अशा आवाजात, तेव्हा बाकावरचा एक कृश गृहस्थ मान वर करून म्हणाला, "पुणे का?" व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, त्यांच्या मागोमाग जी मराठी घराणी तिकडे गेली त्यांतलं एक याचं. साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात काढून घरात अजून मराठी. तिला तमिळ हेल इतका, की वाक्य संपलं की विचारलंय हे पटकन कळत नाही. पहिल्या भेटीत मी काय केलं असेल? त्याची मराठी सुधारली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर बसला. त्या क्षणी मी त्याला जिवलग मित्र मानलं. रेल्वेत, तांबरमच्या कारशेडमध्ये, उभी हयात गेलेली. यंत्रांच्या खडखडाटात बसायची सवय असलेल्या माणसाला माझं काय जड जाणार? तो मला 'पुणेकर' म्हणतो. त्यात कौतुक किती आणि निदान किती, हे मी विचारलेलं नाही.

वाढदिवसाला मुलीने मला एक कूपन दिलं. पूर्व तांबरममध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर मातीच्या भांड्यांचा स्टुडिओ होता. तिथे जायचं, तयार भांडं निवडायचं, रंगवायचं, ते लोक भट्टीत घालून भाजून देतात. कूपन दोघांचं होतं. "आईला घेऊन जा, बाबा," मुलगी म्हणाली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला इथे घासायची भांडी पुष्कळ आहेत. रंगवायची नकोत." मग राहिला तंजावरकर. मी विचारल्यावर त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "चालेल की. रंग बरे असतील ना?" मी म्हटलं, रंगांची काळजी करू नका, मी आहे.

अज्ञानी अवस्थेत कुठे जाण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी वाचायला बसलो. माती पहिल्यांदा हजार अंशांच्या आसपास भाजतात, मग ती कडक पण सच्छिद्र राहते आणि पाणी शोषते. त्यावर रंग द्यायचा, वर ग्लेझ, म्हणजे काचेचा लेप, आणि मग दुसरी भाजणी, दगडी मातीला बाराशे अंशांच्याही वर. मातीतल्या गारेचे कण ५७३ अंशांना एकदम फुगतात, म्हणून भट्टी त्या टप्प्यावर हळू चढवायची आणि हळूच उतरवायची. कोबाल्टने निळा येतो, तांब्याने हिरवा, आणि ऑक्सिजन कोंडला तर तेच तांबं लाल होतं. लोखंडाचा गंज भरपूर घातला की काळाभोर चकचकीत लेप मिळतो. जपानी लोक त्याला टेन्मोकू म्हणतात, आणि ते नाव चीनमधल्या तिएनमू डोंगरावरून आलंय. हे सगळं मी जेवताना घरच्यांना सांगितलं. जावई ऑफिसचा कॉल आहे म्हणून उठला. रविवार होता.

जाताना तंजावरकराच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. रेल्वे ओलांडून पूर्वेला जायचं म्हणजे वेळ भरपूर. मी त्याच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला उद्देशून पल्लावरमची हकिगत सांगितली. ही तांबरमच्या अलीकडची तिसरी-चौथी वस्ती, लोकांना ठाऊक ती शुक्रवारच्या बाजारापुरती. पण रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये तिथे अश्मयुगातली हातकुऱ्हाड सापडली आणि भारताच्या प्रागितिहासाचा अभ्यास तिथून सुरू झाला. पुढे अलेक्झांडर री यांना तिथल्याच टेकडीवर भाजक्या मातीची शवपेटी मिळाली, लांबट, आणि खाली ओळीने पाय असलेली. "म्हणजे बघा तंजावरकर, आपण जे करायला निघालोय त्याची या भागात दोन हजार वर्षांची परंपरा आहे!" हेल्मेट जरासं हललं. तंजावरकर सिग्नलला थांबल्यावरही हेल्मेटची काच वर करत नाही. इतर वेळी करतो, असं पुढे त्याच्या बायकोने सांगितलं.

स्टुडिओत शिरलो तर आत वाढदिवस चालला होता. लहान मुलींचा घोळका, डोक्यावर कागदी टोप्या, प्रत्येकीपुढे एकेक मग, आणि त्यावर शिंग असलेले घोडे. दुसऱ्या टेबलावर आयटीतलं एक जोडपं एकाच बशीवर दोन ब्रश चालवत होतं आणि बशीपेक्षा एकमेकांकडेच जास्त बघत होतं. सत्तरीकडे झुकलेले आम्ही दोघंच. स्टुडिओ चालवणारी मुलगी तिशीची, हात कोपरापर्यंत मातीचे. ती शिकली होती पुदुच्चेरीत. हे कळताच मी तिला सांगितलं, की रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडप्याने १९७१ मध्ये तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि आजचे कितीतरी भारतीय कुंभकार त्यांच्या हाताखालून गेले. तिने मान हलवली. चेन्नईतलं कला महाविद्यालयही १८५० मध्ये डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी काढलं, ते पेशाने शल्यचिकित्सक होते, आणि आपलं मुंबईचं जे. जे. त्यानंतर सात वर्षांनी आलं, हेही सांगितलं. "सूपर, अंकल," ती म्हणाली आणि मला एप्रन बांधला. गाठ मागून बांधतात, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही.

फडताळावर कोरी भाजलेली भांडी मांडली होती. तंजावरकराने एक छोटा टंबलर उचलला. एवढ्यात काय मावणार! मी फडताळ चढत्या क्रमाने न्याहाळत वर गेलो आणि सर्वांत वरची, झाकणाची, गलेलठ्ठ बरणी मागितली. बरणीचा मराठी माणसाशी संबंध जुना. खालून पांढरी, वरून तपकिरी, तोंडाला दादरा बांधलेली चिनी मातीची बरणी ज्या घरात नव्हती ते घर मी पाहिलेलं नाही. तिकडे मोरबीत परशुराम गणपुळ्यांनी पॉटरीचा कारखाना उभा केला, तेव्हापासून तर हा आपला घरचाच विषय, असं मी तंजावरकराला म्हणालो. तो टंबलर फिरवून फिरवून बघत होता.

मुलीने सगळ्यांना सूचना दिल्या. त्या वेळी मी तंजावरकराला टेन्मोकूबद्दल सांगत होतो, त्यामुळे सूचनांचा थोडाच भाग माझ्यापर्यंत पोहोचला. रंग छोट्या बाटल्यांत आहेत. तीन पातळ हात द्या. प्रत्येक बाटलीपुढे भाजलेल्या फरशीचा तुकडा आहे, रंग त्यावर बघून निवडा, बाटलीत बघून नको. भांड्याच्या बुडाला काही लावू नका. वरचा काचेचा लेप आम्ही देऊ.

मी काय काढणार हे घरून ठरवून आलो होतो. वारली. मराठी माणसाला चित्रकला येत नसली की त्याला वारली येते, असा आमचा एक समज आहे. त्रिकोणावर उलटा त्रिकोण, वर गोल, चार काड्या, झाला माणूस. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशेंनी हे भिंतीवरचं चित्र जगभर नेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि इतकं सोपं चित्र काढून ती मिळते याचं मला मनातून नवलही वाटलं होतं. ते नवल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलं नाही.

पण वारलीला आधी गेरूची भिंत हवी. बाटल्यांतला तपकिरी रंग चॉकलेटी होता. गेरूचा लाल त्याच्यात नव्हता. फरशीच्या तुकड्यावर तो बऱ्यापैकी गेरूसारखा दिसत होता, असं तंजावरकर नंतर म्हणाला. मी तुकड्यांकडे बघितलंच नव्हतं. माझी नजर खिडकीखाली ठेवलेल्या एका झाकणाच्या बादलीवर गेली. आत विटकरी लाल, दाट, अस्सल गेरू! बादलीवर तमिळमध्ये काहीतरी लिहिलं होतं. तमिळला २००४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपल्या मराठीला त्यासाठी २०२४ उजाडावं लागलं, हे मला तोंडपाठ होतं. अक्षर मात्र एकही ओळखत नव्हतो. तंजावरकराला विचारता आलं असतं. तो वाकून काहीतरी बारीक काढत होता, त्याला कशाला त्रास द्यायचा? तेवढाच एक क्षण मी त्याला त्रास दिला नाही.

बादलीतून वाटीभर काढून मी बरणी सारवली. कोरी माती पाणी अशी शोषून घेते, की ब्रश टेकताच जागीच अडकतो. पातळ हात द्यायला मन होईना. एक हात, वर दुसरा, वर आणखी. शेजारच्या टेबलावरची एक टोपीवाली मुलगी उठून बघायला आली. "तात्ता, पोदुम," ती म्हणाली. आजोबा, पुरे. मी हसून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या टोपीवर गेरू लागला.

मग तारपा. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून नाचणाऱ्यांचं गोल वेटोळं, हे वारलीतलं सर्वांत देखणं चित्र. भिंतीवर त्याला मध्य असतो. बरणीच्या पोटावर मध्य नसतो, हे मला तारपावाला काढायला हातात ब्रश घेतल्यावर समजलं. तो कुठे उभा करायचा? बरणीच्या आत? शेवटी मी त्याला झाकणावर बसवला आणि नाचणारे पोटाभोवती फिरवायला लागलो. पहिले काही जण झोकात आले, कमरेत बाक, पाय उचललेले. बरणी फिरवत, काढत, फिरवत गेलो. निम्म्यात आल्यावर वाटलं जागा फार आहे, माणसं पसरट केली. तीन चतुर्थांश झाल्यावर दिसलं, की पहिला गडी पलीकडून येऊन ठेपलाय आणि मध्ये माणूसभर जागा नाही, पण अर्ध्या माणसाहून जास्त आहे. तिथे मी एक पोर काढलं. पोर पहिल्याच्या कमरेपर्यंत आलं, त्याच्या हाताला हात पोहोचेना, म्हणून त्याला हात लांब दिले. ते आता जमिनीला टेकत होते. मग त्याला माकड करावं असं ठरलं. टोपीवाली मुलगी पुन्हा आली. "हे लोक पळतायत का?" तिने इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, नाचतायत. ती बराच वेळ बघत राहिली आणि तिने विचारलं, "का?"

एवढ्यात तंजावरकराचं झालंही होतं. त्याच्या टंबलरच्या काठाखाली आंब्याच्या पानांचं तोरण होतं, हिरव्या रंगात, एकेका रेघेत एकेक पान. एकही पान दुसऱ्याहून मोठं नव्हतं आणि जिथून तोरण निघालं तिथेच येऊन मिळालं होतं. मी त्याला ब्रश कसा धरावा हे मगाशी दाखवलं होतं, त्याचा उपयोग झाला असावा, असं म्हणालो. तो म्हणाला, "आमच्या घरी नवरात्रात गोलू मांडतात ना, पुणेकर. आजीच्या वेळच्या बाहुल्या. दरवर्षी रंग उडतो. डोळे मीच काढतो." किती वर्षं? "आठवी-नववीपासून." आणि हे मला आत्ता सांगताय? "तुम्ही सांगत होता. मध्ये कसं बोलायचं?"

स्टुडिओवाली मुलगी आली. तिने बरणी फिरवून बघितली, एका डोळ्याने ती केक कापणाऱ्या मुलींकडे बघत होती. "कुठला ब्राउन घेतलात, अंकल?" मी बाटल्यांच्या दिशेने हात केला. बादलीही साधारण त्याच दिशेला होती. तिने ओल्या स्पंजाने बूड पुसलं, झाकण टेकतं तो काठ पुसला, झाकण बाजूला ठेवलं आणि म्हणाली, हे वेगळं भाजायचं हं. मी हो म्हटलं. ती गेली. पुसलेल्या बुडाशी आता बोटभर पांढरा पट्टा उघडा दिसत होता आणि वारलीच्या भिंतीला असा पट्टा नसतो. मी तो भरून काढला. काठही भरला. आणि झाकण बरणीवर ठेवलं, कारण तारपावाला आणि नाचणारे एका दिशेला आहेत ना, हे बघायचं होतं. होते. तसंच राहू दिलं.

भट्टीत जाण्यापूर्वी मी बरणीचा फोटो काढला. खरं सांगतो, त्या अवस्थेत ती चांगली दिसत होती. लाल माती, पांढरी माणसं. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकताच सांगलीच्या वहिनींनी तशीच एक मागितली, त्यांच्या सुनेने दोन. एका चुलतभावाने विचारलं, कितीला विकत आणली? हा माझ्या आयुष्यातल्या कलेला मिळालेला सर्वोच्च पुरस्कार. पुढचे काही दिवस मी जो भेटेल त्याला भट्टीचं शास्त्र सांगत होतो. हिने या वर्षीचं लिंबाचं लोणचं त्याच बरणीत घालायचं जाहीर केलं आणि लिंबं आणली.

बोलावणं आलं तेव्हा फोनवर ती मुलगी फक्त म्हणाली, "अंकल, या. बघा." आवाजात 'सूपर' नव्हतं.

बरणी काळी झाली होती. गेरू नाही, तपकिरी नाही, डांबराचा रस्ता पावसात चमकतो तशी काळीभोर. खिडकीखालची बादली रंगाची नव्हतीच. ते ग्लेझ होतं. कच्चं असताना लोखंडाच्या गंजामुळे विटकरी आणि भट्टीतून निघालं की काळं. टेन्मोकू! ज्याच्या डोंगराचा पत्ता मला ठाऊक होता, ते माझ्या नाकासमोर बादलीत बसलं होतं. बादलीवर तमिळमध्ये लिहिलं होतं, 'करुप्पु'. काळा. तंजावरकराने वाचून दाखवलं. माझ्या नातवालाही ते वाचता येतं, तो यूकेजीत आहे.

पण रंग हे सर्वांत किरकोळ. ग्लेझ म्हणजे वितळलेली काच. पातळ असेल तर भांड्याला धरून राहते, जाड थापली तर बाराशे अंशांवर खाली वाहते. माझे थर वाहिले आणि वाहताना त्यांनी नाचणाऱ्यांना बरोबर घेतलं. त्रिकोण लांबले, डोकी निथळली, हात सुटले. सगळं वेटोळं बुडाकडे घसरून तिथे पांढरट ढेकळांत गोळा झालं होतं. वर एकटं माकड राहिलं होतं, जिथे माझा रंग संपत आला होता आणि थर पातळ होता. ते सुरेख आलं होतं. बुडाशी मी भरून काढलेला पट्टा भट्टीच्या फळीला चिकटला, बरणी फळीसकट बाहेर काढावी लागली आणि छिन्नीने सोडवताना फळीचा टवका गेला. फळीचे पैसे मी दिले. मुलगी नको नको म्हणत होती, पण हिशेब तिने कागदावर करून ठेवला होता.

आणि झाकण. काठावरच्या काचेने ते बरणीला जोडलं गेलं होतं, कायमचं. आम्ही तिघांनी पाळीपाळीने प्रयत्न केला. तारपावाला झाकणावर बसून होता, त्याचं काही बिघडलं नव्हतं.

भाजलेलं भांडं पक्कं आहे का हे बघायला त्या मुलीने सवयीने बोटाच्या पेराने टंबलर वाजवला. टण्ण. मग बरणी. ढप्प. मला गोरोबाकाका आठवले. तेरढोकीला संतमेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं वाजवून बघितलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट मी तिला इंग्रजीत सांगितली. नामदेव निदान भट्टीत गेलेले नव्हते. मी बाराशे अंश चढून कच्चा निघालो होतो. ती म्हणाली, "परवायिल्लै, अंकल." असू दे. तमिळमधला हा शब्द मात्र मला पहिल्यापासून बरोबर कळत होता.

तंजावरकराच्या टंबलरचं काय झालं, हेही लिहायला हवं, न लिहिणं क्षुद्रपणाचं दिसेल. त्यावर स्टुडिओने कथिलाचं पांढरं ग्लेझ दिलं होतं. त्याचा हिरवा रंग क्रोमियमचा. क्रोमियमची वाफ भट्टीत कथिलाला लागली की पांढऱ्यावर गुलाबी छटा चढते. त्यामुळे प्रत्येक पानाभोवती फिकट गुलाबी वलय उमटलं होतं. ठरवून करायला गेलं तर सहज होत नाही. स्टुडिओवाली मुलगी, आयटीतलं एक नवं जोडपं आणि भांडी न्यायला आलेली टोपीवालीची आई, सगळे त्या टंबलरभोवती जमले. हे गुलाबी कशाने झालं, ते तिथे फक्त दोघांना माहीत होतं, त्या मुलीला आणि मला. मी कारण सांगितलं. क्रोम, कथिल, वाफ, तापमान, क्रमाने सांगितलं. कोणी ऐकलं नाही. तंजावरकर म्हणाला, "चुकून झालं हो."

घरी हिने बरणी हातात घेतली, झाकण ओढलं, पुन्हा ओढलं आणि लिंबं फ्रिजमध्ये ठेवली. बोलली काही नाही. ग्रुपवर मी भाजणीनंतरचा फोटो टाकलेला नाही. सांगलीच्या वहिनी अधूनमधून विचारतात, त्यांना मी सांगतो, भट्टी दुरुस्तीला आहे.

बरणी इतके दिवस माळ्यावर होती. नवरात्राच्या आधी तंजावरकर येऊन ती मागून घेऊन गेला. हल्ली गोलूच्या पायऱ्यांच्या खाली जमिनीवर लोक निरनिराळे देखावे मांडतात, बाग, देऊळ, क्रिकेटचं मैदान. त्याने नातवंडांच्या हट्टापायी या वर्षी प्राचीन तमिळनाडू मांडलं. आम्ही दोघं हळदीकुंकवाला जावं तसे सुंडल, म्हणजे कडधान्याची उसळ, खायला गेलो, तर वाळूत अर्धवट पुरलेली माझी बरणी. शेजारी पाटी, 'मुदुमक्कळ् ताळि', म्हणजे पुरातन काळी माणसाची हाडं ठेवून पुरायचे तो रांजण. पाटीवर खाली 'पल्लावरम' असं लिहिलं होतं. हे मला आता वाचता येतं. आलेल्या बायका वाकून बघत होत्या, मुलं फोटो घेत होती. एका वृद्ध गृहस्थांनी घसरलेल्या आकृत्यांकडे बोट दाखवून सांगितलं, की हे मृतात्मे पाताळात उतरतायत, आणि माकड हे वाहन असावं.

मी न राहवून तंजावरकराला बाजूला घेतलं. म्हटलं, हे चुकीचं आहे. पल्लावरमची पेटी लांबट आणि पायांची. असे गोल रांजण आदिचनल्लूरचे, तुत्तुकुडीकडचे. आणि मुळात त्यांच्यावर काचेचा लेप नसतो. निदान गावाचं नाव तरी बदला. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. "अप्पडिया?" म्हणाला, आणि मला सुंडलची वाटी दिली.

दसऱ्यानंतरही त्याने बरणी परत केलेली नाही, आणि ही मला मागू देत नाही. पुढच्या नवरात्रात तांबरमला कोणी आलात तर जरूर बघायला या, सुंडल उत्तम असतं. पाटीवर पल्लावरम असलं तरी ते आदिचनल्लूर वाचा, आणि झाकण उघडायला जाऊ नका.